रक्तसदृश डाग

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ मागे थांबले. सरकारी कचेरीत ते कारकून आहेत. माणूस सरळ, बोलणे मोजके. त्यांच्या खिशात न्यायालयाचे समन्स होते. काही वर्षांपूर्वी पोलिसांनी त्यांना पंच म्हणून एका घरी नेले होते. त्या घरात खून झाला होता. भिंतीवर, दाराच्या चौकटीवर आणि अंथरुणावर डाग होते. फौजदार मोजमापे सांगत होते, शिपाई लिहीत होता, आणि अखेरीस ह्यांनी व दुसऱ्या एका पंचाने खाली सह्या केल्या होत्या.

"फादर, आता मला शपथेवर उभे राहायचे आहे," ते म्हणाले. "तिथे काय घडले ते मी पाहिलेले नाही. मी फक्त डाग पाहिले. मग मी साक्षीदार कशाचा? आठव्या आज्ञेविरुद्ध तर हे जात नाही ना?"

पंचनाम्यात शब्द कोणते आहेत, असे मी त्यांना विचारले. थोडे आठवून ते म्हणाले, "रक्तसदृश डाग."

मी त्यांना निश्चिंत मनाने घरी जाण्यास सांगितले. परंतु तो शब्द माझ्याजवळच राहिला. आपण पोलिसी मराठीला हसतो. 'सदर इसम', 'मजकूर जागी', 'वर नमूद केल्याप्रमाणे' ह्या भाषेची टिंगल करणे सोपे आहे. पण 'रक्तसदृश' ह्या एका शब्दात केवढा संयम आहे! समोर तांबडा डाग आहे, शेजारी प्रेत आहे, आणि तरीही लिहिणारा 'रक्त' असे लिहीत नाही. रक्तासारखे दिसते एवढेच लिहितो. कारण ते रक्त आहे की नाही हे सांगणे त्याचे काम नव्हे, प्रयोगशाळेचे आहे. मातीवर डाग असेल तर त्या जागेची माती पुडीत बांधतात आणि तुलनेसाठी जवळची साधी मातीही वेगळ्या पुडीत घेतात. आपल्यापैकी किती जण शेजाऱ्याविषयी बोलताना एवढी काळजी घेतात?

ही काळजी किती महाग पडलेल्या अनुभवातून आली आहे, हे समजण्यासाठी उत्पत्तीच्या पुस्तकातील सदतिसावा अध्याय काढून पाहावा. योसेफाच्या भावांनी त्याला विकून टाकले, त्याचा पायघोळ झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवला आणि बापाकडे पाठवून दिला. नीट वाचले तर ध्यानात येते की योसेफ मेला, असे तेथे ते कोठेही म्हणत नाहीत. हा आम्हांला सापडला, हा झगा तुमच्या मुलाचा आहे का, ते पाहा, इतकेच ते म्हणतात. हिंस्र पशूने योसेफाला फाडून खाल्ले हा निष्कर्ष याकोबाचा स्वतःचा आहे. झगा खरा होता, रक्त खरे होते. फक्त ते रक्त कोणाचे आणि झग्यावर कसे आले, हे दोन प्रश्न त्या दुःखी बापाने विचारले नाहीत. त्या एका वाचनापायी त्याने अनेक वर्षे जिवंत मुलासाठी शोक केला.

रक्त माणसाचे की जनावराचे, ह्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. १९०१ साली जर्मनीत पाउल ऊलेनहूट यांनी ती कसोटी शोधून काढली. त्याच सुमारास व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगटांचा शोध लावला. आपल्याकडे असे डाग लागलेले कपडे रासायनिक पृथक्करणासाठी मुंबईला जात. आजही न्यायालयाच्या आवारात 'सी.ए. रिपोर्ट आला का?' हा प्रश्न चहाच्या टपरीवरसुद्धा कानी पडतो.

रक्त कोणाचे, हे सांगणे रसायनशास्त्राचे काम आहे. ते तेथवर कसे आले, हे सांगू पाहणारे शास्त्र निराळे आहे. पोलंडमधील क्राकोव्ह शहराच्या एडुआर्ड पिओत्रोव्स्की यांनी १८९५ मध्ये त्यावर पहिला मोठा प्रबंध लिहिला. मूळ कल्पना शाळकरी मुलालाही समजेल अशी आहे. रक्ताचा थेंब हवेतून जाताना गोल असतो. तो जमिनीवर सरळ उभा पडला तर वाटोळा डाग उमटतो. तिरपा आदळला तर डाग लांबट होतो आणि जिकडे थेंब चालला होता तिकडे त्याला शेपूट फुटते. डागाची रुंदी आणि लांबी ह्यांच्या गुणोत्तरावरून थेंब किती अंशांत आदळला ते काढता येते. रुंदी लांबीच्या निम्मी असेल तर तीस अंश. अशा अनेक डागांपासून मागे दोरे ताणले की ते सारे साधारण एका ठिकाणी जवळ येतात. रक्त तेथून उडाले असावे. मार लागला तेव्हा माणूस उभा होता की बसलेला, ह्याचा अंदाज त्यावरून बांधतात. भिंतीवर सगळीकडे शिंतोडे आणि मध्येच एक कोरी जागा असेल, तर तेथे त्या वेळी कोणीतरी किंवा काहीतरी आडवे होते.

हे सारे मला सुंदर वाटते, हे मी कबूल करतो. सृष्टी नियमांनी चालते, आणि खुनाच्या खोलीतदेखील ते नियम मोडत नाहीत, ह्यात एक प्रकारचा दिलासा आहे. साक्षीदार फितूर होतो, भितो, विसरतो. ह्या सोलापुरात तर हे कोणी सांगायला नको. १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ह्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले. त्यांच्याविरुद्धचा साक्षीपुरावा रचलेला होता, अशी ह्या शहराची तेव्हापासूनची धारणा आहे. माणसाच्या जिभेचा असा अनुभव घेतलेल्या समाजाला मुका पुरावा आवडला तर नवल नाही. थेंबाला लाच देता येत नाही.

परंतु थेंब बोलतही नाही. आपण त्याला बोलते करतो, आणि अडचण येते ती तेथेच.

मुंबईतील नानावटी खटला जुन्या वाचकांना आठवत असेल. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेल्या तीन गोळ्यांनी प्रेम आहुजा मरण पावले. झटापटीत गोळ्या सुटल्या, असा बचाव होता. आहुजा नुकतेच स्नान करून आले होते आणि त्यांच्या कमरेला केवळ टॉवेल होता. झटापट झाली असती तर टॉवेल सुटला असता, पण तो जागच्या जागी होता, असा सरकार पक्षाचा मुद्दा. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने ते मानले नाही. आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. तोच टॉवेल, तीच खोली. नऊ सामान्य नागरिकांनी आणि न्यायमूर्तींनी त्यांतून दोन वेगळ्या गोष्टी वाचल्या. माझ्या मते न्यायमूर्तींचे वाचन बरोबर होते. पण टॉवेल स्वतःहून काही म्हणाला नव्हता.

अमेरिकेतील एक प्रकरण ह्याहून वेदनादायक आहे. इंडियाना राज्यात २८ सप्टेंबर २००० रोजी डेव्हिड कॅम ह्या माजी पोलिसाची पत्नी आणि दोन लहान मुले घराच्या गॅरेजमध्ये गोळ्या लागून मेलेली आढळली. त्या वेळी आपण चर्चच्या सभागृहात बास्केटबॉल खेळत होतो, असे तो सांगत होता आणि त्याच्याबरोबर खेळणारे अकरा जण त्याला दुजोरा देत होते. त्याच्या बनियनवजा शर्टावर मात्र रक्ताचे आठ सूक्ष्म ठिपके होते. गोळी झाडली की रक्त असेच मागे उडते, म्हणून तोच मारेकरी, असे एका बाजूचे तज्ज्ञ म्हणाले. मुलाला वाचवायला तो गाडीत वाकला तेव्हा मुलीच्या केसांचा स्पर्श होऊन ते ठिपके लागले, असे दुसऱ्या बाजूचे तज्ज्ञ म्हणाले. दोन्हीकडे अनुभवी माणसे, दोन्हीकडे शपथ. तो २००२ मध्ये दोषी ठरला, पुन्हा २००६ मध्ये दोषी ठरला, आणि अखेर २०१३ मध्ये निर्दोष सुटला. दरम्यान घटनास्थळी सापडलेल्या एका कपड्यावरून खऱ्या गुन्हेगाराचा माग लागून त्यालाही शिक्षा झाली होती. तेरा वर्षे एक बाप आपल्याच मुलांचा मारेकरी म्हणून बंदिवासात होता.

कापडावरचा डाग वाचायला सर्वांत कठीण, असे ह्या शास्त्रातील लोक सांगतात. सोलापूरकरांना ह्याचे कारण समजावून सांगावे लागणार नाही. सूत ओल ओढून घेते. विणीच्या उभ्याआडव्या धाग्यांप्रमाणे डाग पसरतो, आणि मूळचा आकार हरवतो. शिवाय निरनिराळ्या कारणांनी सारखेच शिंतोडे उमटू शकतात. घावाने बारीक थेंब उडतात. नाकातोंडात रक्त आलेला माणूस खोकला तरी तसेच उडतात. फार काय, रक्तावर बसून उठलेल्या माश्यांचे ठिपकेही अनुभवी डोळ्याला फसवतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ साली ह्या विद्येतील अनिश्चितता फार मोठी असल्याचे बजावले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंच्याहत्तर व्यावसायिक तज्ज्ञांपुढे असे नमुने ठेवले, ज्यांचे खरे कारण संशोधकांना ठाऊक होते. सुमारे अकरा टक्के उत्तरे चुकली.

जाता जाता तुरीनच्या पवित्र कफनाविषयी. २०१८ मध्ये दोन इटालियन संशोधकांनी जिवंत माणसाच्या हातावरून रक्त ओघळू देऊन कफनावरील डागांशी ताडून पाहिले आणि ते डाग एकाच देहस्थितीत पडलेले नसावेत असा निष्कर्ष काढला. त्यावर आक्षेपही पुष्कळ आले. काही भाविकांना ह्या चौकशीचाच राग आला. मला तो येत नाही. १९९८ साली तुरीनला गेलेल्या संत पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी स्पष्ट सांगितले होते की हा प्रश्न शास्त्रज्ञांनी सोडवायचा आहे, ख्रिस्तसभेचा तो अधिकार नाही. आपली श्रद्धा त्या कापडावर उभी नाही.

आता मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगावी की नाही ह्याचा मी बरेच दिवस विचार केला.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, दीक्षा नुकतीच झालेली असताना, मी एका बोर्डिंगची जबाबदारी पाहत होतो. एका पहाटे प्रार्थनेच्या आधी आरडाओरड ऐकू आली. पाण्याच्या टाकीजवळ एक मुलगा बेशुद्ध पडला होता, कपाळ फुटले होते. टाकीपासून व्हरांड्यावरून थेट झोपण्याच्या खोलीपर्यंत रक्ताचे थेंब गेले होते. ते एका ट्रंकेपाशी संपत होते. ट्रंकेच्या झाकणावर रक्ताळलेल्या बोटांचे ठसे होते आणि तिच्यापाशी एक बारा वर्षांचा मुलगा हातात टॉवेल घेऊन उभा होता. त्याच्या सदऱ्यावर पुढून बारीक शिंतोडे होते. आदल्या संध्याकाळी ह्याच दोघांचे बॅटवरून भांडण झालेले मी स्वतः पाहिले होते.

"काय केलंस तू त्याला?" मी ओरडलो.

"मी धरलो त्याला, फादर," तो म्हणाला.

मुलगा शहराच्या पूर्व भागातला, घरची भाषा तेलुगू. त्याचे मराठी आपल्या सोलापुरी वळणाचे. मी धरलो. मला वाटले, कबुली मिळाली. आणखी एकही प्रश्न मी विचारला नाही. दुपारच्या गाडीने त्याला घरी पाठवून दिले. जाताना तो रडला नाही, आणि तेसुद्धा मी त्याच्या निर्ढावलेपणाचे चिन्ह मानले.

नवव्या दिवशी जखमी मुलगा रुग्णालयातून परत आला. शेवाळावरून पाय घसरून तो टाकीच्या काठावर आपटला होता. दुसऱ्याने त्याला धरून बसते केले. ह्याच्या नाकातोंडातून रक्त येत होते, तो खोकला. मग त्याला अलगद आडवे ठेवून दुसरा टॉवेल आणायला धावला. तो परत फिरणार इतक्यात मी दारात उभा राहिलो होतो.

थेंबांनी मला दिशा खरीच सांगितली होती. मुलगा टाकीकडून ट्रंकेकडे धावला होता. तो पळत होता की मदत आणायला निघाला होता, हे थेंबांना सांगता येत नव्हते. ते मी घातले. हे डोळ्यांचे किंवा गणिताचे चुकणे नव्हते. भांडण मी आधी पाहिले होते, म्हणून रक्त मी नंतर वाचले.

पुण्याच्या पेपल सेमिनरीत असताना संत थॉमस अक्वायनस ह्यांचा न्यायनिवाड्यावरील भाग आम्ही घोकला होता. परीक्षेतही आला होता. संशयाच्या जागी अर्थ चांगल्या बाजूने लावावा, असे ते म्हणतात. आणि त्यावर स्वतःच आक्षेप घेतात की असे केल्याने माणूस पुष्कळदा फसेल. त्यांचे उत्तर असे की वाईट माणसाविषयी चांगले मत करून वारंवार फसलेले बरे. कारण चांगल्या माणसाविषयी वाईट मत करून क्वचित चुकलो तरी त्यात दुसऱ्यावर अन्याय होतो, पहिल्या चुकीत तसा होत नाही. मला हे पाठ होते. त्या पहाटे ते आठवले नाही.

मात्र ह्याचा अर्थ 'न्याय करूच नये' असा घेणेही मला मान्य नाही. प्रवचनांत आम्ही धर्मगुरू कधीकधी तसे सुचवतो आणि सुटका करून घेतो. हाबेलाचे रक्त जमिनीतून ओरडत होते. परमेश्वराने कान बंद केले नाहीत, काइनाला विचारले. अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात तर एक विलक्षण विधी आहे. शेतात कोणी मारून टाकलेला आढळला आणि मारेकरी ठाऊक नसेल, तर वडीलजनांनी प्रेतापासून भोवतालच्या गावांपर्यंतचे अंतर मोजावे, आणि सर्वांत जवळच्या गावच्या वडिलांनी हात धुऊन सर्वांसमक्ष सांगावे की हे रक्त आमच्या हातांनी सांडले नाही आणि सांडताना आमच्या डोळ्यांनी पाहिले नाही. एक प्रकारचा पंचनामाच तो. मारेकरी सापडत नाही म्हणून कोणालाही धरायचे नाही, आणि सापडत नाही म्हणून प्रेताकडे पाठही फिरवायची नाही. मोजमाप करायचे. ज्याचे माणूस गेले आहे त्या घराला एवढे तरी मिळालेच पाहिजे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, असे तिच्यात बंधन आहे. व्यवस्था उभारायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. हे चांगलेच झाले. अंदाजापेक्षा मोजपट्टी केव्हाही बरी.

प्रश्न उरतो तो मोजल्यानंतरचा. पुण्याच्या एका खटल्यात, शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रे सांगितली. वकील मंडळी त्यांना पंचशील म्हणतात. त्यांतले पहिलेच असे की आरोपी 'दोषी असू शकेल' एवढे पुरत नाही, 'दोषी असलाच पाहिजे' असे सिद्ध व्हावे लागते. दुसरा कोणताही संभव उरता कामा नये. आमच्या धर्मविधिशास्त्रातही न्यायाधीशाला 'नैतिक निश्चिती' लागते. पोप पायस बारावे ह्यांनी १९४२ साली ती उलगडून सांगितली: गणितासारखी पूर्ण खात्री नव्हे, पण नुसती शक्यताही नव्हे; शहाण्या माणसाला जिच्याविषयी सकारण शंका उरत नाही ती. दिल्ली आणि रोम ह्या बाबतीत फार लांब नाहीत. 'असू शकेल' आणि 'असलाच पाहिजे' ह्यांमध्ये जी जागा आहे तेथे कोणतेही यंत्र पोहोचत नाही. ती माणसाने पायी ओलांडायची असते, आणि ओलांडली की तिचा जबाब त्याच्यावर असतो. माझ्या बोर्डिंगमध्ये दुसरा संभव उरतो का, हे एका प्रश्नाने कळले असते: "धरलास म्हणजे काय केलंस, बाळा?"

मी त्या मुलाच्या घरी गेलो तेव्हा कुलूप होते. आई त्याला घेऊन भिवंडीला भावाकडे गेली होती. तेथे यंत्रमागावर काम मिळण्यासारखे होते. त्या बाजूच्या एका धर्मगुरूंच्या मदतीने पत्ता मिळवायला बरेच महिने गेले. मी पत्र लिहिले, चूक माझी होती, तू परत ये, असे स्पष्ट लिहिले. तो आला नाही. पोस्टकार्ड मात्र आले. जखमी मित्राची विचारपूस होती, शाळेत जातो असे होते, आणि शेवटी एक ओळ होती की टॉवेल तेथेच राहिला आहे, आई विचारते.

तो टॉवेल मी पुरावा म्हणून कचेरीच्या कपाटात ठेवला होता. नंतर कोणीतरी फेकून दिला. मी नवे दोन टॉवेल पाठवले, पण त्याची पोच आली नाही.

आमचे पंच गृहस्थ परवा न्यायालयात जाऊन आले. रविवारी मिस्सानंतर त्यांनी सांगितले. बचावाच्या वकिलांनी विचारले, तुम्ही रक्त पाहिले का? ते म्हणाले, रक्तासारखे दिसणारे डाग पाहिले. ते कसे पडले, सांगता येईल? नाही. कोणी पाडले? माहीत नाही. मग तुम्हाला माहीत तरी काय आहे? त्यांनी भिंतीवरची जागा, जमिनीपासूनची उंची आणि पंचनाम्यावरची आपली सही, एवढे सांगितले. न्यायाधीशांनी ते लिहून घेतले आणि त्यांना जायला सांगितले.

खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही.